वळणावर गाडी काय सांगते?

गाडीचं सस्पेन्शन बदलून घ्यायला गॅरेजात आलेल्या माणसाची मागणी बहुधा एकच असते: ‘वळणावर गाडी झुकायला नको.’ पुण्यात ही मागणी मी अनेकदा ऐकली आहे. गाडी झुकली नाही की ती सुरक्षित झाली, असं त्यामागचं गृहीतक असतं. स्पोर्ट्‌स कारचा इतिहास वाचताना मात्र मला वेगळं चित्र दिसतं. वळणावरची मर्यादा वाढवणं हे एक काम आणि ती जवळ आल्याचं चालकाला वेळेत कळणं हे दुसरं. पहिलं साधताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा त्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

आधी ही मर्यादा म्हणजे काय ते पाहू. वळताना टायर जिकडे तोंड करून असतो, अगदी तिकडेच जात नाही. थोडा तिरका सरकतो. या तिरकेपणाबरोबर पकड वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर ढासळते. पुढच्या टायरांची पकड आधी सुटली तर गाडीचं नाक वळणाबाहेर जातं, मागच्यांची सुटली तर शेपूट. या दोन प्रवृत्तींना ‘अंडरस्टिअर’ आणि ‘ओव्हरस्टिअर’ ही नावं देण्याचं श्रेय सहसा मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याला दिलं जातं. रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला आणि गाडीचं वळणावरचं वागणं मोजता येतं, हे त्याने तिथे दाखवून दिलं.

टायर हातांनाही निरोप देतो. वळताना स्टिअरिंग सरळ होऊ पाहतं. तो ताण हाताला जाणवतो. पुढच्या टायरांची पकड शिखराला पोचण्याआधीच हा ताण ओसरू लागतो आणि स्टिअरिंग हलकं वाटतं. हीच पूर्वसूचना. मागच्या चाकांची बातमी मात्र स्टिअरिंगमधून अशी येत नाही. ती येते कंबरेतून, सीटमधून आणि बहुतेकदा उशिरा.

म्हणूनच या इतिहासातली बरीचशी दुखणी मागच्या चाकांची आहेत. १९५४ साली मर्सिडीजने ३०० एसएल ही पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची गाडी आणली. तिच्या मागच्या बाजूला ‘स्विंग अ‍ॅक्सल’ होता. अखंड दांड्याऐवजी दोन अर्धे दांडे मधल्या बिजागरीवर स्वतंत्रपणे वर-खाली होत. खराब रस्त्यावर ही व्यवस्था अखंड दांड्यापेक्षा सरस. म्हणजे ही सुधारणाच होती. पण वेगात वळताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जाई, बाहेरचं चाक आत दुमडू लागे आणि पकड एकदम सुटे. मर्यादा वरची होती, पण तिच्या कडेला कठडा नव्हता. १९५७च्या रोडस्टरमध्ये मर्सिडीजने बिजागरी खाली आणली, चाकाचा कल कमी बदलू लागला आणि गाडी आधी इशारा देऊ लागली.

शर्यतीतल्या चालकाला असली गाडी सांभाळता येईलही. पण तीच रचना घरगुती गाडीत आली तर? शेवरोलेच्या १९६०च्या कॉर्वेअरमध्ये इंजिन मागे होतं आणि स्विंग अ‍ॅक्सलही होता. शेपूट आवरण्यासाठी कंपनीने टायरांतल्या हवेचा आधार घेतला: थंड टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय. हा फरक राखला नाही तर तोल बिघडे. एवढी मोठी जबाबदारी मालकाच्या माहितीपुस्तिकेतल्या एका आकड्यावर टाकलेली होती. १९६४मध्ये पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पट्टा-स्प्रिंग आली, १९६५मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. त्याच वर्षी राल्फ नेडरच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने पहिल्या प्रकरणातच कॉर्वेअरला धारेवर धरलं. १९७२च्या सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा वाईट नसल्याचं म्हटलं. मला दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेसे वाटतात: इतर गाड्याही तशाच होत्या, यात दिलासा कसला?

पोर्शने ९११मध्ये हाच झगडा जास्त चिवटपणे दिला. मागे लटकणाऱ्या इंजिनामुळे भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडणं महागात पडे. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत सुमारे ११ किलोची वजनं बसवली गेली. मग १९६९च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली. इंजिन तिथेच राहिलं, तोल सुधारला.

आता गॅरेजातल्या मागणीकडे पुन्हा पाहा. गाडीचं झुकणं हाही एक निरोपच असतो. स्प्रिंगा कडक केल्या, जाड अँटी-रोल बार लावला की झुकणं कमी होतं आणि चालकाला नेमका तोच निरोप कमी मिळतो. त्यात फक्त मागचा बार जाड केला तर शेपूट लवकर सुटायची प्रवृत्ती वाढते. रस्ता खडबडीत असेल तर कडक स्प्रिंगवरचं चाक उडतं आणि हवेतल्या चाकाला पकड कुठली? कॉलिन चॅपमनने १९६२च्या लोटस इलानमध्ये मऊ स्प्रिंगा वापरून याचं उत्तर दिलं होतं. ती गाडी झुकत असे आणि वळणावरच्या वागण्यासाठी आजही वाखाणली जाते.

नवं सस्पेन्शन बसवल्यावर जुन्या गाडीवर मिळवलेला अंदाज निम्मा तरी बाद होतो. तो पुन्हा मिळवायची जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक: तेच वळण, दर फेरीला थोडासाच जास्त वेग आणि लक्ष स्टिअरिंगच्या वजनाकडे. घाटात हा प्रयोग करू नये, कारण तिथे मर्यादा ओलांडल्यावर शिकायला जागा उरत नाही. अभियंत्यांनाही हा धडा गिरवायला काही दशकं लागली. गाडी किती वेगाने वळते, हे विचारण्याआधी ती आपल्याला किती आधी सांगते, हे विचारावं.