‘शेजारी’ म्हणजे कोण?

शेजारी म्हणायचे तरी कोणाला, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, तेव्हा प्रभूने व्याख्या केली नाही; गोष्ट सांगितली. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी टाळून पुढे गेले. त्याच्या जखमा बांधल्या त्या यहुद्यांना तुच्छ वाटणाऱ्या एका शोमरोनी माणसाने. उपदेश ऐकताना माणूस मनात वाद घालतो. गोष्ट ऐकताना मात्र तो नकळत परक्याच्या घरात जाऊन बसतो. मराठी कादंबरीने आणि चित्रपटानेही हे कार्य केले आहे.

विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला. त्याने वाट मोकळी केली. मने मोकळी व्हायची होती. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. पतीसह प्रवासाला निघालेली यमुना ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. जे दुःख वाचक दुरून पाहत होता, ते असे त्याच्या ओळखीच्या स्त्रीच्या वाट्याला येते. कथेचा शेवट मात्र ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारात होतो. त्यामुळे ज्या वाचकांच्या मनातील आढी जायची, त्यांना हे पुस्तक परक्याचे वाटले असल्यास नवल नाही.

प्रभात कंपनीने 1935 साली संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. त्यातून गांधीजी सूचित होतात म्हणून नियंत्रकांनी हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. नाव बदलले तरी आशय राहिलाच : हा ब्राह्मण संत अस्पृश्याच्या घरी जेवायला बसतो. येथे सुधारणेची हाक बाहेरून आलेली नव्हती. ती पैठणच्या वाड्यातूनच आली होती.

प्रभातचाच, शांतारामांचाच ‘शेजारी’ हा चित्रपट 1941 सालचा. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. हिंदू आणि मुसलमान यांच्यातील दरी वाढत होती. विश्राम बेडेकरांची कथा तशी साधी आहे. जीवबा आणि मिर्झा हे खेड्यातील दोन जिवलग मित्र. धरणासाठी गावकऱ्यांच्या जमिनी हव्या असलेला उद्योगपती त्यांच्यात वितुष्ट आणतो. धर्म हे भांडणाचे कारण नाही. भांडण पेटविण्याचे साधन आहे. बेडेकरांनी हे अचूक ओळखले होते. शेवटी धरण फुटते आणि दोघे मित्र एकत्र मृत्यूला सामोरे जातात.

मराठीत केशवराव दाते जीवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारच होते. हिंदू ठाकूर झाले मझहर खान. हिंदू नट मुसलमान झाला, मुसलमान नट हिंदू झाला. दुसऱ्याचे बोलणे, बसणे, रागावणे आपल्या अंगी आणल्याशिवाय अशी भूमिका करता येत नाही. प्रेक्षकांकडून चित्रपटाची जी अपेक्षा होती, ती नटांनी आधी स्वतः पुरी केली.

सहा वर्षांनी फाळणी झालीच. मग अशा कलाकृतीचा उपयोग काय? चित्रपट दंगल थांबवू शकत नाही हे खरे. परंतु दंगलीचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न तो प्रेक्षकाच्या मनात ठेवून जातो.

आपल्या नेरसारख्या गावात निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच बाजारात भेटतात, एकाच एस.टी.ने प्रवास करतात. एकमेकांची घरे मात्र क्वचितच आतून पाहतात. पडद्यावरील ख्रिस्ती माणूस विपर्यस्त असतो, अशी तक्रार आपण करतो आणि ती रास्तही आहे. पण आपण बोलताना दुसऱ्यांचे कसले चित्र रंगवतो? शास्त्र्याने विचारले होते, शेजारी कोण; गोष्ट संपल्यावर प्रभूने त्यालाच विचारले, शेजारी कोण झाला. वाचकहो, तो दुसरा प्रश्न आपल्यासाठी आहे.