राजाश्रय आणि तिकीट

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष पौर्णिमेस यात्रा भरते. गुरांच्या बाजाराशेजारीं तमाशाच्या कनाती उभ्या राहतात आणि तिकीट काढून आलेल्या लोकांवर फडाचें पोट चालतें. मराठी नाटकाचा आरंभ मात्र राजाश्रयांत झाला. सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेनें विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ केलें. १८५१ मध्यें चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचें साहाय्य आटलें. तेव्हां भावे आपली मंडळी घेऊन परगांवीं निघाले; १८५३ मध्यें मुंबईंत त्यांनीं तिकीट लावून खेळ केले.

आश्रय तुटला म्हणूनच नाटक लोकांचें झालें, असें म्हणणें सोपें आहे. पण प्रेक्षकहि नेहमींच भेटतो असें नाहीं. २०२० सालीं महामारी आली, यात्रा बंद पडल्या आणि तमाशाचे फड सरकारी मदतीची वाट पाहत बसले. राजाची मर्जी काय, अंदाजपत्रकांतील आंकडा काय, ज्याचा भरंवसा नाहीं त्यावर फड उभा राहत नाहीं. अनुदान थोडें असो. पण तें ठरलेलें असावें, आणि हंगामापूर्वीं कलावंतांना उचल द्यावयाच्या वेळीं हातीं पडावें.