कोंडा, रक्तवाहिन्या आणि तागडी

१/८
९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या. पुढील पाच वर्षे तेथील जनतेने टंचाईत काढली. मात्र त्याच काळात रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढण्याऐवजी घटले. हा धागा त्या कोड्याचा आणि ते उलगडू पाहणाऱ्या एका तागडीचा.

२/८
लोणी, मांस आणि चीज दुर्मीळ झाले. बटाटे, मासळी व भाज्यांवर भागवावे लागले. धान्य पुरवून वापरायचे असल्याने पिठातील कोंडा पूर्वीइतका काढला जाईना. पांढऱ्या पावाची जागा जाड्याभरड्या, काळपट पावाने घेतली.

३/८
१९५१ साली स्ट्रोम आणि येन्सेन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये या मृत्यूंचा हिशेब मांडला. युद्धकाळात आकडे उतरले होते. शांतता परतताच ते पुन्हा चढले. चर्चेचा रोख मुख्यतः स्निग्ध पदार्थांकडे राहिला. कोंड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

४/८
पण युद्धाने केवळ ताट बदलले नव्हते. तंबाखू मिळेना, पेट्रोल मिळेना, माणसे अधिक चालू लागली, वजने उतरली. अख्ख्या देशाच्या आकड्यांतून यांपैकी कोणाचे श्रेय किती, हे निवडणे अशक्य होते. त्यासाठी एकेका माणसाचे ताट तपासणे भाग होते.

५/८
लंडनमध्ये ते काम जेरी मॉरिस यांच्या गटाने केले. दुमजली बसचे बसून राहणारे चालक आणि जिने चढणारे कंडक्टर यांच्यातील हृदयविकाराची तुलना करून मॉरिस १९५३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. १९५६ ते १९६६ या काळात ३३७ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचे आठवडाभराचे अन्न वजन करून नोंदले गेले. त्यांत बँकेतील कर्मचारी होते, तसेच बसचालक आणि कंडक्टरही.

६/८
१९७६ अखेरपर्यंत त्यांपैकी ४५ जणांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार जडला. १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: धान्यांतील चोथा अधिक खाणाऱ्यांत हे प्रमाण कमी होते. फळे, भाज्या व डाळींतील चोथ्याबाबत मात्र तसा संबंध आढळला नाही.

७/८
कारणांपैकी एक आज नीट ठाऊक आहे. ओट आणि सातूमधील विद्राव्य चोथा आतड्यात पित्ताम्लांना अडवून शरीराबाहेर नेतो. नवी पित्ताम्ले घडवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि धमन्यांच्या भिंतींवर साचणारा माल कमी होतो.

८/८
४५ रुग्ण म्हणजे लहान आकडा, आणि तेही सारे पुरुष. १९९८ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ३४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाने त्याच दिशेला बोट दाखवले. तरीही अखंड धान्य खाणारा माणूस इतर बाबतींतही जपून राहणारा असू शकतो, ही शंका अशा निरीक्षणांतून पूर्णपणे पुसली जात नाही. युद्धाने प्रश्न विचारला, तागडीने तो नेमका केला. आणि चक्कीत चाळून वेगळा काढलेला कोंडा पुन्हा विचारात घेतला गेला.