भातसेचा बदललेला उन्हाळा

कल्याण–कसारा रेल्वेमार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्यामध्ये खडवली लागते. एप्रिल-मे महिन्यांत आजूबाजूचे ओढे खडकाला टेकलेले असतात, वरच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, आणि खडवलीची भातसा नदी मात्र वाहत असते. हे पाणी निसर्गाने उन्हाळ्यासाठी राखलेले नाही. ते मुंबईचे पाणी आहे आणि नदीच्या पात्रातून पुढे चालले आहे.

तानसा किंवा मोडकसागरचे पाणी जलवाहिन्यांतून शहरात जाते. भातसा धरणाची रीत वेगळी आहे. पायथ्याच्या 15 मेगावॅटच्या वीजगृहातून सुटलेले पाणी नदीतच सोडले जाते आणि खडवलीच्या खाली, भिवंडी तालुक्यात पिसे येथे बंधाऱ्याने अडवून उचलले जाते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा उपयुक्त साठा सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. त्यातला 7 लाख 17 हजार, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसेचा. धरणापासून पिशापर्यंतची नदी एकाच वेळी नदीही आहे आणि शहराची उघडी जलवाहिनीही. खडवलीच्या परिसंस्थेचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

कोकणातली नदी मुळात दोन ऋतूंची. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो, बेसाल्टचा कातळ फारसे पाणी मुरू देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात डोहांची माळ, असे तिचे रूप असते. काठावरची करंज, उंबर, जांभूळ, पात्रातला लव्हाळा, डोहातले मासे या सगळ्यांचे जीवनचक्र या चढ-उताराशी जुळलेले असते. धरणाने त्याची दोन्ही टोके छाटली. धरण भरेपर्यंत सुरुवातीचे लोंढे वर अडतात. उन्हाळ्यात खालचा प्रवाह वाढतो. शिवाय जलाशयात गाळ बसून गेल्यामुळे सुटलेले पाणी निवळ असते. असे पाणी स्वतःचा गाळ काठांतून आणि तळातून उचलते. वाळू-गोटे खरवडले जातात आणि त्यांची भरपाई वरून होत नाही. रेतीउपसा किंवा वीटभट्ट्यांसाठी काठाची माती खणणे अशा नदीला दुप्पट महाग पडते.

नदीत बारमाही पाणी आहे, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. उत्तर माशांकडे आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला गढूळ पाणी येते आणि त्या पाण्याच्या विरुद्ध मासे नदीतून वर चढू लागतात. हेच चढणीचे मासे. ओढ्यातून ते भाताच्या खाचरांत शिरतात, उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतात. पिल्ले खाचरांत वाढून पावसाळा सरता सरता नदीला परत येतात. कातकरी आणि ठाकूर कुटुंबांच्या ताटात या दिवसांत हेच मासे असतात. मुख्य नदीचा पहिला लोंढा धरणात अडला, तरी धरणाखाली मिळणाऱ्या ओढ्यांना हे धरण अडवत नाही. नदीने गमावलेला ऋतू आज या ओढ्यांत शिल्लक आहे.

म्हणूनच माझ्या मते खडवलीच्या नदीचे व्यवस्थापन पात्रापेक्षा ओढ्यांपासून आणि त्यांच्या वरच्या वरकस जमिनीपासून सुरू व्हायला हवे. वरकस म्हणजे भातखाचरांवरची उताराची, हलकी जमीन. नाचणी-वरीची आणि गवताची. ठाणे जिल्ह्यातले हे गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांपर्यंत जात असे. सरकारी कागदांत अशी जमीन सहज ‘पडीक’ ठरते आणि सेकंड होम, फार्महाऊस, गोदामे यांच्यासाठी सपाट केली जाते. पण गवताच्या मुळांचे दाट जाळेच आषाढाच्या सरींत माती धरून ठेवते आणि ओढ्याला सावकाश पाणी देते. माळ उघडा पडला की ओढा दोन तासांत फुगतो, दोन दिवसांत आटतो आणि खाचरांत अंडी घालायला आलेला मासा अडकून पडतो.

गवताळ प्रदेशातल्या नद्यांचा एक अनुभव इथे उपयोगी आहे. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात सेंट मेरी नदीवर 1951 मध्ये धरण झाले आणि पुढच्या दशकांत खालच्या काठावरची पॉप्लरची वने खंगत गेली. पॉप्लरचे बी पुराने टाकलेल्या ओल्या, उघड्या गाळावर रुजते आणि पाणी हळूहळू उतरले तरच रोपाची मुळे ओलीचा पाठलाग करू शकतात. स्टुअर्ट रूड आणि जॉन महोनी यांनी हा संबंध उलगडला. त्यानुसार 1995 च्या पुरानंतर धरणांचा विसर्ग टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला आणि काठावर नवी रोपे उगवली. खडवलीला पॉप्लर नाही, पाऊसमानही निराळे आहे. पण धरणाचे दरवाजे कसे बंद करावेत, हा परिसंस्थेचा प्रश्न आहे, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

काठाला मिळणारे कायद्याचे रक्षण तोकडे आहे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा पूररेषा आखल्या जातात. पण नद्यांकाठच्या उद्योगांवर अंतराची बंधने घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण 2015 मध्ये रद्द झाले. पूररेषा माणसाच्या घरात पाणी शिरण्याचा हिशेब मांडते. मासा, लव्हाळा, उंबर यांना किती रुंद पट्टा लागतो, हा हिशेब तिच्यात नाही.

त्यामानाने दोन कामे सोपी आहेत. रस्त्याखाली पाइप घालून बांधलेल्या मोऱ्यांचे तोंड खालच्या बाजूला कालांतराने अधांतरी राहते. पाणी हातभर उंचीवरून पडते आणि चढणीचा मासा तिथेच थांबतो. स्लॅबची मोरी ओढ्याच्या तळाशी सपाट बसवली, तर वाट मोकळी राहते, आणि जिल्हा परिषदेला रस्तादुरुस्तीच्याच वेळी हे करता येते. दुसरे काम धरणावरचे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस सांडव्याचा विसर्ग एकदम न तोडता काही दिवसांत उतरवत नेणे. त्यात मुंबईच्या साठ्याला धक्का लागत नाही, कारण त्या वेळी खाली जाणारे पाणी धरण भरल्यानंतरचे जादा पाणी असते.