देवलदेवीचे वय

ऐतिहासिक कादंबरीकाराला राजे सहज सापडतात. त्यांचे शिलालेख असतात, नाणी असतात, पदरी स्तुतिपाठक असतात. राजघराण्यांतील स्त्रिया मात्र बखरींत बहुधा दोनच प्रसंगी डोकावतात : एक विवाहाच्या वेळी आणि दुसरा पराभवाच्या वेळी. अशा स्त्रीचे जीवन कादंबरीत उभे करायचे, तर पाया कशाचा घ्यावा? नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीशी जिचे दैव जोडले गेले, त्या एका राजकन्येच्या निमित्ताने आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

शहादे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सुलतानपूर नावाचे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. पण माळवा, गुजरात आणि दख्खन यांच्या सीमा जिथे भिडतात असा हा मुलूख म्हणून त्याची ओळख फार जुनी. १३०७ च्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर देवगिरीवर चालून निघाला. वाटेत सुलतानपुरी तळ देऊन त्याने बागलाणात आश्रयास असलेल्या राजा कर्ण वाघेल्याकडे त्याच्या मुलीची, देवलदेवीची, मागणी केली, असे फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. १२९९ मध्ये गुजरात पडला, तेव्हा कर्णाची राणी कमलादेवी शत्रूच्या हाती लागून दिल्लीच्या जनानखान्यात पोहोचली होती. मलिक काफूर स्वतःही त्याच स्वारीत खंबायतेहून पकडून नेलेला गुलाम, हा दैवाचा केवढा फेरा! आता राणीने आपली मागे राहिलेली मुलगी मागितली होती.

येथवरची हकीकत सरळ वाटते. पण साधने शेजारी शेजारी ठेवून वाचताच ती दुभंगते. कवी अमीर खुश्रौ हा त्या काळाचा साक्षीदार. फेरिश्ता मात्र सुमारे तीनशे वर्षांनंतर, विजापूरच्या आदिलशाहीत बसून लिहिणारा. फेरिश्त्याच्या मते कर्णाने मागणी धुडकावली आणि दोन महिने बागलाणच्या डोंगरांत झुंज दिली. खुश्रौच्या काव्यात तोच कर्ण आधी या सोयरिकीने आनंदित होतो. पुढे गुजरात पुरता जिंकण्यासाठी सैन्य निघाल्यावर मात्र तो पळ काढतो. शेवटी त्याने मुलीला देवगिरीच्या राजपुत्राकडे रवाना केले, याविषयी दोघांचे एकमत आहे. पुढे खुश्रौ सांगतो, की देवगिरीच्या अगदी जवळ तिच्या घोड्याला बाण लागला आणि ती पकडली गेली. फेरिश्ता मात्र वेरूळची लेणी पाहायला गेलेल्या सैनिकांची या लवाजम्याशी अकस्मात गाठ घालून देतो.

सर्वांत मोठा भेद वयाचा आहे. माय-लेकींची ताटातूट झाली तेव्हा खुश्रौच्या लेखी देवल सहा महिन्यांची होती, तर फेरिश्त्याच्या लेखी चार वर्षांची. म्हणजे पकडली गेली त्या वेळी ती आठेक वर्षांची तरी असेल, नाहीतर बाराएक. सुलतानाने विवाहाचा विचार प्रथम बोलून दाखविला तेव्हा राजपुत्र खिज्रखान दहा वर्षांचा आणि ती आठ वर्षांची होती, असे खुश्रौ म्हणतो. हे मान्य केले, की प्रेमकथेचा सारा साज गळून पडतो आणि उरते ते आईकडून बापाकडे, बापाकडून शत्रूकडे ओढले गेलेले एक लेकरू.

मग प्रेमकथा आली कोठून? खुश्रौने १३१६ मध्ये पूर्ण केलेली मसनवी खिज्रखानाच्या इच्छेने लिहिली गेली. कथेचा कच्चा मजकूर राजपुत्रानेच दिला होता. काव्यासाठी कवीने नायिकेचे नावसुद्धा बदलून 'दुवलराणी' केले. पुढे खिज्रखान आंधळा केला गेला आणि १३१८ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारला गेला. त्या अंताचे कवन खुश्रौने मागाहून जोडले. म्हणजे देवलचे म्हणून जे प्रेम आपण वाचतो, ते तिच्या पतीने सांगितलेले आणि पतीच्या कवीने रचलेले आहे. तिचे स्वतःचे एक वाक्यही आपल्यापर्यंत आलेले नाही. कन्हैयालाल मुनशींनी तर या कथेच्या सत्यतेविषयीच शंका घेतली, आणि मुनशी स्वतः ऐतिहासिक कादंबरीकार होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तुलनेसाठी त्याच काळातील, आपल्या वाचकांना परिचित असलेली एक राणी घेऊ. पोर्तुगालची राणी संत इसाबेल १३३६ मध्ये निवर्तली; १६२५ मध्ये तिला संतपद मिळाले. पदरातील दानाची गुलाबपुष्पे झाल्याची आख्यायिका तिच्याभोवतीही गुंफली गेली. परंतु तिची १३१४ आणि १३२७ ची मृत्युपत्रे उपलब्ध आहेत. कोणाला काय द्यावे, आपला देह कोठे ठेवावा, हे तिने स्वतः ठरविलेले दिसते. इबेरियातील राणीवर लिहिणाऱ्याला आख्यायिका पारखण्यासाठी तिचा स्वतःचा शब्द सापडतो. देवलवर लिहिणाऱ्याच्या हाती आख्यायिकाच तेवढी असते.

नंदशंकर मेहता यांची 'करणघेलो' ही गुजरातीतील पहिली कादंबरी १८६६ मध्ये आली. मराठीत पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांचे 'मोचनगड', त्यानंतर पाच वर्षांनी. मेहतांनी देवल आणि देवगिरीचा राजपुत्र यांची प्रीती रंगविली, तरी ग्रंथाला नाव पित्याचेच राहिले. 'घेलो' म्हणजे वेडा, तो वेडा राजा.

आज कोणी ही कथा पुन्हा लिहू पाहील, तर आमचे सांगणे एवढेच : प्रथम तिचे वय ठरवा. दिल्लीची मागणी, बापाचा नकार, देवगिरीची सोयरीक यांतील कशातही तिला कोणी विचारल्याचे दिसत नाही. सातपुड्याचा पायथा, तापीचे खोरे, बागलाणचे घाट, सोबतच्या निनावी दासी आणि घोड्यावर घट्ट धरून बसलेली एक लहान मुलगी, इतके कादंबरीला पुरेसे आहे. खुश्रौचे शब्द खुश्रौच्या तोंडी राहू द्यावेत. कल्पनेने तिला भय द्यावे, भूक द्यावी, आईचा न आठवणारा चेहरा द्यावा. परंतु जेत्यांच्या सोयीची प्रीती तिच्या मुखी घालू नये. सातशे वर्षे तिच्या वतीने इतरच बोलत आले आहेत. त्यांच्यात आणखी एकाची भर पडू नये, याची काळजी घेणे हेच अशा लेखकाचे पहिले संशोधन होय.