तलाक आणि बाळंतपण : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला ग्रंथालयातच पहिली अडचण येते. तलाक ‘कायदा’ विभागात, बाळंतपण ‘आरोग्य’ विभागात. बाईच्या आयुष्यात मात्र दोन्ही एकाच घरात नांदतात. तलाकच्या धास्तीत संसार करणारी बाई ‘आता मूल नको’ हे कितपत ठामपणे म्हणू शकेल? मला या क्षेत्राचं दार या प्रश्नापाशी सापडलं.

आत शिरण्यासाठी मेहरुन्निसा दलवाईंची (१९३०–२०१७) कारकीर्द सर्वांत सोयीची. माहेर पुण्याचं, उर्दूभाषक. सासर चिपळूणजवळचं मिरजोळी. १९५६ साली समाजसुधारक हमीद दलवाईंशी निकाह झाला आणि पाठोपाठ विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. त्या नोंदणीचा रोकडा अर्थ : तोंडी तलाक नाही, सवत नाही. हमीद दलवाईंनी काढलेला १९६६चा तोंडी तलाकविरोधी सात स्त्रियांचा मोर्चा, १९७०मध्ये त्यांनी स्थापलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्या काळात घर चाललं ते मेहरुन्निसाभाभींच्या खादी आयोगातल्या पगारावर, हे त्यांचं आत्मचरित्र ‘मी भरून पावले आहे’ वाचल्याशिवाय नीट उमगत नाही. चळवळीच्या इतिहासकारांना पगार दिसत नाहीत, हे जुनंच दुखणं.

ही प्रस्तावना मालवणजवळच्या देवबागात लिहिते आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या. इथून पाहताना कायदा आणि किनारा यांतलं अंतर कळतं. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने गर्भपाताची मुदत ठरावीक स्त्रियांसाठी २४ आठवड्यांवर गेली. त्यांत गरोदरपणी घटस्फोट झालेली वा वैधव्य आलेली स्त्रीही आहे. म्हणजे तलाक आणि गर्भ यांचा संबंध कायद्यालाही दिसला. किनाऱ्यावरच्या बाईची मुदत मात्र सोबतीला कोण येणार आणि मालवणच्या दवाखान्यात ओळखीचं कोण भेटणार, यावर ठरते. हा जाच गाबीत मच्छीमार, ख्रिस्ती बायकांनाही चुकलेला नाही. मुसलमान बाईच्या वाट्याला आणखी एक येतो : तिला मुलं किती, यावर गावाचं मत तयार असतं, तिचं कोणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा प्रजननदर १९९२-९३ मधल्या ४.४ वरून २०१९-२१ मध्ये २.४ वर आला, तरी ते मत बदललेलं नाही.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने मेहरुन्निसांचं आत्मचरित्र आधी वाचावं, निकालपत्रं नंतर. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०१७च्या निकालाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला. ज्यांच्या याचिकेवर तो आला त्या शायराबानोंनी, नवऱ्याने वारंवार गर्भपात करायला लावल्याचंही जाहीरपणे सांगितलं होतं. निकालावरच्या चर्चेत तलाक राहिला, गर्भपात मागे पडले. नव्या अभ्यासकाचं काम तिथे पडून आहे.