वही कुणाच्या हातात?

दिवाळीला पुतण्या बोरीला आला होता. पुण्यात ॲपवर डिलिव्हरीचं काम करतो. ओसरीवर बसून मोबाईल दाखवत म्हणाला, "काका, रोज कमावतो, पण महिन्याच्या शेवटी हातात काय राहतं तेच कळंना." पेट्रोल, गाडीचा हप्ता, खोलीचं भाडं आणि एका ॲपवरून घेतलेलं छोटं कर्ज. त्या कर्जावर व्याज किती, फी किती, हे त्याला सांगता आलं नाही. आकडे सगळे मोबाईलमध्ये होते, पण त्याला ते जुळवता येत नव्हते.

तेव्हा मला सुप्याची आठवण झाली. सुपे पुणे जिल्ह्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा वळवला. त्यांना हवी होती कर्जखतं आणि वह्या. बहुतेक ठिकाणी कागद हाती लागला की जाळला आणि लोक माघारी फिरले. हे लोण पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पोचलं.

कारण कापसातही होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडं भाव चढले आणि सावकारानं हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकारानं उधारी आखडली आणि जुनी खतं बाहेर काढली. अंगठा दिलेल्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याचं कर्जखत गावच्या निबंधकासमोर व्हावं, कर्जदाराला पावती आणि हिशेब मिळावा, खताच्या मागं मूळ व्यवहार काय होता हे कोर्टानं तपासावं आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा त्यातल्या मुख्य गोष्टी. आपला परभणी भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं हा कायदा आपल्याला लागू नव्हता. सावकारी संपली नाही, पण वही उघडून दाखवणं सावकाराला भाग पडलं.

दुसरी गोष्ट हमालांची. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडीला ठरलेला मालक नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या गोदामात. मग रजा, फंड, दवाखाना द्यायचा कुणी? "तो आमचा नोकर नाही," हे उत्तर तेव्हाही तयार होतं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली, लढे झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडं भरायची, मंडळानं कामगाराला पगार, फंड, बोनस आणि औषधपाण्याची सोय द्यायची. मालक रोज बदलला तरी कामगाराची नोंद मंडळात कायम. त्याची अंमलबजावणी सगळीकडं नीट झाली असं नाही. पण एकच मालक नसलेल्या माणसालाही हक्क देता येतात, हे आपल्याच राज्यानं दाखवून दिलं.

आज ॲपवाल्या पोरांनाही "तुम्ही नोकर नाही, भागीदार आहात" असंच सांगितलं जातं. भागीदार म्हणायचं, मग दर कसा ठरला, इन्सेंटिव्ह का कमी झाला, आयडी का बंद पडला, हे त्याला कळायला नको का?

कायदा थोडा हललाय. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी, एकूण वार्षिक खर्च आधीच लेखी सांगावा, ॲपनं फोनमधले नंबर आणि फोटो उपसू नयेत, असे नियम रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये केले. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराचं नाव आलं, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या वा देय पैशाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादाही आहे. तरतूद आणि पोराच्या खात्यात पडणारा पैसा यांत अंतर किती असतं, ते माथाडींना विचारा.

त्या रात्री आम्ही दोघांनी दोनशे पानी वही घेतली. एका बाजूला रोजची कमाई, दुसऱ्या बाजूला पेट्रोल, दुरुस्ती, हप्ता. कर्जाचं पत्रक ॲपमधून काढून वाचलं. फी धरून हिशेब केला तर व्याज त्याच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त निघालं. पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "हे पहिलंच पाहायला पाहिजे होतं."

बोरीतल्या ज्यांची पोरं पुण्याला, संभाजीनगरला, मुंबईला ॲपवर काम करतात, त्यांना एवढंच सांगणं आहे. ई-श्रमवर नोंद करून घ्या. कर्ज देणारं ॲप कुठल्या बँकेशी किंवा वित्त कंपनीशी जोडलंय, हे रिझर्व्ह बँकेच्या साइटवर तपासा. फसवणूक झाली तर लाजू नका, १९३० ला फोन लावा. आणि घरी एक वही ठेवा. सुप्याच्या लोकांना वही जाळावी लागली, कारण ती कधी त्यांच्या हातात आलीच नव्हती.